दुपारची वीस मिनिटं



आम्ही एका बचत गटातल्या अकराजणी. आज रेडिओवर बोलायला त्यातल्या तिघीच आलोय, पण काय बोलायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय. म्हणून आमच्या बोलण्यात ‘मी’ येणार नाही, ‘आम्ही’च येईल.

दुपारचे अडीच वाजलेत. तुमची जेवणं झाली असतील, भांडी घासून पालथी पडली असतील. कुणी तांदूळ निवडत ऐकत असाल, कुणी शिवणयंत्रावर बसल्या असाल. काही जणींच्या हातात आत्ता मोबाईल असेल आणि त्यावर रंगीत गोळ्या जुळवायचं काम चालू असेल. लाजू नका. आम्ही त्याच विषयावर बोलायला आलोय.

झालं असं, की गटाची महिन्याची बैठक चालू होती. हप्ते गोळा होत होते, सचिवताई वहीत आकडे मांडत होत्या. सगळ्या गप्प. तेवढ्यात कुणाच्या तरी पदराखालून टिंग टिंग, फट्‌ असा आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. आमच्यातल्या एक काकू, वय पंचावन्न, नातवंडं असलेली बाई, घाईघाईनं मोबाईल मांडीखाली दडवत होत्या.

“काय काकू, काय फुटलं?”

“काही नाही गं. ते आपलं... गोळ्या.”

हसून हसून पुरेवाट झाली. पण मग एकेक जण बोलायला लागली. अकराजणींपैकी सातजणी मोबाईलवर असे खेळ खेळत होतो. एक गोठ्यात धार काढून झाल्यावर, एक एस.टी.ची वाट बघताना, एक रात्री सगळे झोपल्यावर गोधडीत तोंड घालून, आवाज बंद करून. आणि सातही जणी चोरून!

तेव्हा आम्हाला प्रश्न पडला, की आपण हे चोरून का करतो? गावात पारावर पत्ते कुटणारा माणूस पत्ते लपवत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून डावात बसवतो. मग आपल्याच हातात खेळ आला की तो पदराखाली का जातो?

खरं तर खेळ आपल्याला नवा नाही. लहानपणी सागरगोटे खेळलो, चिंचोके खेळलो. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे जमवून काचापाणी खेळलो. आठवतं ना? तुकडे जमिनीवर टाकायचे आणि दुसऱ्याला धक्का न लावता एकेक बोटानं ओढून काढायचा. त्या वेळी नजर तेवढ्या तुकड्यावर असायची. आई हाक मारते तेही ऐकू यायचं नाही. लग्न झालं आणि सागरगोटे माहेरी राहिले. मंगळागौरीला, नागपंचमीला जेवढा खेळ होईल तेवढाच. रोजच्या दिवसात बाईनं खेळायचं नसतं, असं कुणी सांगितलं नाही, पण आपण तसंच धरून चाललो.

आता हे मोबाईलवरचे खेळ कुठून आले, ते आम्ही रेडिओवरच्या ताईंना विचारून समजून घेतलं. तुम्हालाही सांगतो, कारण त्यातल्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत.

टेट्रिस नावाचा एक खेळ आहे. वरून चार-चार चौकोनांचे ठोकळे पडतात, ते फिरवून नीट बसवायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. आपण गोवऱ्या रचतो, फट राहू देत नाही, तसंच. हा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह नावाच्या संगणकाच्या अभ्यासकानं केला. चाळीस वर्षं झाली, अजून लोक खेळतात.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. ब्रॉडी लॉकर्ड नावाचा एक तरुण कसरतपटू होता. १९७९ मध्ये अपघात झाला आणि मानेखालचं अंग लुळं पडलं. हात हलेनात. त्यानं तोंडात काडी धरून संगणकाची बटणं दाबायला सुरुवात केली आणि १९८१ मध्ये एक खेळ तयार केला. माहजाँग म्हणून चिनी सोंगट्या असतात, त्यांची रास मांडायची आणि मोकळ्या असलेल्या सारख्या दोन सोंगट्या शोधून उचलायच्या. पुढे १९८६ मध्ये ‘शांघाय’ या नावानं तो बाजारात आला. जोड्या जुळवायचे जे पुष्कळ खेळ आज मोबाईलवर दिसतात, त्यांतल्या सोंगट्यांच्या खेळाचं मूळ हे. आम्ही ही गोष्ट ऐकली तेव्हा काकू म्हणाल्या, “ज्याला पडल्या जागी कूस बदलता येत नव्हती, त्यानं बसल्या जागेवरून जगाला खेळवलं.”

तिसरी गोष्ट पत्त्यांची. १९९० मध्ये विंडोजच्या संगणकात सॉलिटेअर नावाचा एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव आला. तेव्हा माऊस लोकांना नवा होता. पत्ता उचलायचा, ओढत न्यायचा, सोडायचा, असं करता करता कितीतरी जणांचा हात त्या माऊसवर बसला.

ही गोष्ट आम्हाला लगेच पटली, कारण आमच्या गटात तसंच घडलं. आमच्यातल्या एक वहिनी शाळेत गेल्या नाहीत. मोबाईल घरात आला तरी त्या हात लावायला भ्यायच्या. “काही दाबलं आणि बिघडलं तर?” असं म्हणायच्या. नातीनं त्यांना गोळ्या जुळवायचा खेळ लावून दिला. त्याला वाचता यावं लागत नाही. लाल लालापाशी, हिरवी हिरवीपाशी. तीन सारख्या एका ओळीत आल्या की फुटतात आणि वरच्या खाली येतात. खेळता खेळता बोट कुठं दाबायचं, कुठं सरकवायचं, मागं कसं यायचं, हे वहिनींना कळलं. आज त्या स्वतः लेकीला व्हिडिओ कॉल लावतात. कुणाला लावून द्यायला सांगत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. या खेळानं बरं का वाटतं? आम्ही आपापसात बोललो तेव्हा एकीनं जे सांगितलं ते सगळ्यांना पटलं. ती म्हणाली, “माझं कुठलंच काम संपत नाही. सकाळी घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा खरकटी. झाडलेलं अंगण वाऱ्यानं पुन्हा भरतं. या खेळात मात्र पाच मिनिटांत डाव संपतो. पट मोकळा होतो. कुणी तरी ‘छान’ म्हणतं, मशीन का असेना.”

आम्ही हसलो, पण मग थोडा वेळ कुणी बोललं नाही.

खेळत असताना मन एका जागी राहतं. कर्जाचा हप्ता, पोराची फी, सासऱ्यांचा खोकला, पावसाचं न येणं, हे सगळं वीस मिनिटं बाजूला होतं. संपत नाही, बाजूला होतं. आणि पुन्हा कामाला लागताना डोकं जरा हलकं असतं. एवढंच. हे काही औषध नाही, आम्ही तसं सांगणारही नाही. रात्र-रात्र झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर खेळात तोंड लपवू नका. आशाताईशी बोला, दवाखान्यात जा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या नंबरवर फोन करा. तो सरकारचा नंबर आहे, बोलायला पैसे लागत नाहीत.

इथपर्यंत सगळं गोड झालं. आता कडू भाग सांगतो. जिची गोष्ट आहे तिनंच सांगा म्हटलंय, नाव मात्र घेणार नाही.

आमच्यातली एक जण सलग दोन बैठकांना आली नाही. आम्हाला वाटलं आजारी असेल. निरोप धाडला तर “बरं नाही” एवढंच उत्तर आलं. तिसऱ्या वेळी आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. चहा टाकता टाकता ती रडायलाच लागली. हप्त्याचे पैसे नव्हते. दुधाचे पैसे तिच्या खात्यात येतात, त्यातूनच ती हप्ता भरते. ते पैसे एका खेळात गेले होते.

कसे गेले? एकदम नाही. ती एका डावात अडकली. पाच वेळा हरली. खेळ म्हणाला, आता थांबा, नाहीतर एवढे पैसे भरा आणि लगेच खेळा. पहिल्यांदा तिनं ८९ रुपये भरले. डाव सुटला. पुढचा अडला. पुन्हा भरले. “दोन चाली कमी पडल्या, आता सुटेलच” असं दर वेळी वाटायचं. घरात सासूशी बोलणं बंद होतं, नवरा कामाला बाहेरगावी. रात्री तो खेळच काय तो सोबतीला. दोन महिन्यांत १,३४० रुपये गेले. गटाचा हप्ता १,३०० रुपयांचा.

खोटं कशाला सांगू, आमच्यातही दोन तट पडले. अध्यक्षताई रागावल्या. म्हणाल्या, “उद्यापासून गटात एकीच्याही मोबाईलमध्ये खेळ दिसता कामा नये.” दुसऱ्या काही जणी म्हणाल्या, “तिला गटातून काढा, नाहीतर सवय लागेल.” तेव्हा आमच्यातल्या आजी, ज्यांच्याकडे मोबाईलच नाही, त्या बोलल्या. “विळीनं बोट कापलं म्हणून विळी उकिरड्यावर टाकता का? भाजी कशी चिरायची ते पोरीला परत शिकवता ना? आणि तिला काढलंत, तर ती रात्री कुणाशी बोलेल? त्या खेळाशीच.”

आजींच्या बोलण्यावर वाद संपला. तिला काढलं नाही. थकलेला हप्ता चार महिन्यांत थोडा थोडा भरायचा, असं ठरलं, जसं कुणाच्या घरी आजारपण आलं तर ठरवतो. आज तो फिटलाय. आणि ज्यांना हे खेळ कळतात अशा मुलींना बोलावून आम्ही समजून घेतलं, की फुकट मिळणारा खेळ पैसे कमावतो कसा.

जत्रेत रिंग टाकायचा खेळ असतो. पहिली रिंग जवळ पडते, वाटतं पुढची बसणारच. इथंही तसंच. कँडी क्रश सागा हा खेळ २०१२ मध्ये आला, पुष्कळ जणी तो खेळता. त्यात पाच जीव मिळतात. हरलं की एक जीव जातो आणि एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. म्हणजे पाचही गेले तर पूर्ण भरायला अडीच तास. आता बघा, हाच थांबा आपल्या कामाचा आहे. जीव संपले म्हणजे डाव संपला, मोबाईल ठेवा, उठा. पण ज्याला थांबवत नाही त्याच्यासाठी तिथंच दुकान मांडलेलं असतं. जाहिरात बघा नाहीतर पैसे भरा. आपली अधीरता हाच या खेळांचा धंदा. आणि भरलेल्या पैशाचं हाती काही येत नाही. साखरेची पुडी नाही की काडेपेटी नाही. चार जादा चाली मिळतात, संपतात.

याहून वाईट प्रकार वेगळा आहे. रमीसारखे डाव, ज्यात पैसे लावून पैसे जिंकायचं आमिष असतं. तो विसावा नाही, तो जुगार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून असे पैशाचे ऑनलाइन खेळ चालवायला बंदी घातली आहे. तरीही मेसेजमधून कुणी लिंक पाठवली, “एवढे भरा, एवढे जिंका” म्हटलं, तर उघडूसुद्धा नका. आणि एक गोष्ट पाठच करा. यूपीआयचा पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. बक्षीस देतो, पिन टाका, असं कुणी म्हणालं तर तो चोर. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० नंबरवर फोन करा.

मग आम्ही आमच्या गटापुरते पाच नेम केले. तुम्हाला पटले तर घ्या, नाहीतर आपले आपण करा.

पहिला नेम, खेळात एक पैसा भरायचा नाही. मोबाईलमध्ये प्ले स्टोअर उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा आणि सेटिंगमध्ये जा. तिथं खरेदीच्या वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय असते. ती प्रत्येक खरेदीला मागेल अशी लावून ठेवा. घरातली पोरं आपलाच मोबाईल खेळतात, त्यांच्या हातूनही मग पैसे जाणार नाहीत. जमत नसेल तर शाळेतल्या पोरीला शेजारी बसवून करून घ्या.

दुसरा नेम, नेट बंद करून खेळायचं. पुष्कळ साधे खेळ नेटशिवाय चालतात. जाहिराती बऱ्याच कमी होतात, डेटाही वाचतो.

तिसरा नेम, वीस मिनिटांचा गजर लावून बसायचं. गजर झाला की चालू डाव पूर्ण करायचा आणि उठायचं. एकीनं विचारलं, गजर बंद करून पुढं खेळलं तर? तर काय, खेळलं. पण दुसऱ्या दिवशी बैठकीत सांगायचं. आम्ही ओरडत नाही, हसतो.

चौथा नेम, अंथरुणात खेळायचं नाही. रात्री एक डाव म्हणता म्हणता बारा वाजतात आणि पहाटे पाचला उठायचं असतंच. आणि “तुमचे जीव भरले, या” असा खेळाचा निरोप मधूनमधून येतो, त्या निरोपावर बोट दाबून धरलं की तो कायमचा बंद करायची सोय दिसते. आपल्याला कधी बसायचं ते खेळानं सांगायचं नाही.

पाचवा नेम सगळ्यात अवघड होता. चोरून खेळायचं नाही.

अवघड का, ते तुम्हाला ठाऊक आहे. जिची गोष्ट सांगितली, ती कुणाला सांगू शकली असती तर ८९ रुपयांवरच थांबली असती. चोरून खेळत होती म्हणून चुकलं तेही चोरूनच राहिलं आणि वाढत गेलं. म्हणून ठरवलं, दुपारी ओसरीवर, सगळ्यांदेखत बसायचं आणि विचारलं तर सांगायचं, “वीस मिनिटं खेळतेय.”

पहिल्या दिवशी एकीच्या मालकांनी विचारलंच, “आज काय कामं नाहीत वाटतं?” तिच्याकडे उत्तर तयार होतं. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, माणसांचा दिवस कशात जातो याची. त्यात घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं निघालं. म्हणजे जवळजवळ पावणेपाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८ मिनिटं. मुलाबाळांची, म्हाताऱ्यांची उस्तवार यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे. शेतातली मजुरीही वेगळी. तिनं हे आकडे सांगितले आणि म्हणाली, “त्यातली वीस मिनिटं माझी.” मालक काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “तो हिरवा गोळा तिकडं का नाही सरकवलास?” आता कधीकधी दोघं मिळून डाव सोडवतात.

सगळ्यांच्या घरी असं झालं नाही. एकीला सासूबाईंचे चार शब्द अजून ऐकावे लागतात. ती म्हणते, “ऐकते, पण ओसरीवरून उठत नाही.”

आणि आजी, ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांचं काय? त्यांनी पुढच्या बैठकीला कनवटीला काही तरी बांधून आणलं. सोडलं तर सागरगोटे! कुठल्या पेटीत इतकी वर्षं जपले होते कोण जाणे. आता बैठक सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सागरगोट्यांचा डाव होतो. आजींचं वय सत्तरीपुढं, पण झेल चुकत नाही. आमच्यातल्या पंचविशीच्या पोरी हरतात. जी दोन बैठका आली नव्हती, ती आता सगळ्यात आधी येऊन बसते, आजींच्या शेजारी. रात्री मोबाईल उशाशी घेत नाही, असं तीच सांगते. सासूबाईंशी बोलणंही सुरू झालंय, थोडं थोडं.

मैत्रिणींनो, खेळ मोबाईलवरचा असो की सागरगोट्यांचा, तो आपण खेळावा. थकलेल्या माणसाला विसावा लागतो आणि बाई माणूसच आहे. फक्त त्या वीस मिनिटांची मालकी आपली हवी. घरच्यांची नको आणि खेळवाल्या कंपनीचीही नको. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढून बघा. कोण काय खेळतं ते विचारा. आधी सगळ्या हसतील. हसू द्या. मग कुणी तरी गप्प बसलेली दिसेल. तिच्याशी बैठक संपल्यावर जरा वेगळं बोला.

आणि तुमच्या गावात लहानपणी कोणते खेळ होते, ते आम्हाला केंद्राच्या पत्त्यावर लिहून कळवा. आजींनी सांगून ठेवलंय, की सागरगोट्यांचा डाव घ्यायला कुठल्याही गटानं यावं, त्या तयार आहेत.

तीन वाजायला आले. शेळ्या सोडायच्यात, पाणी यायची वेळ झाली. येतो आम्ही. नमस्कार.